बिजागरीजवळची पुट्टी

पत्र्याच्या गाडीचा जुना रंग काढणं म्हणजे देवचंद पेंटरच्या डाव्या हातचा मळ. ब्लोलॅम्पची ज्योत फिरवायची आणि रंग फुगला की पत्तीनं ओरबाडायचा, नाही तर रिमूव्हर फासून चहाला जायचं. परत येईतो रंग आपला सुटून बसलेला. फायबरच्या गाडीला असले लाड चालत नाहीत. ज्योत लावली तर बॉडीच पेट घेते आणि रिमूव्हर रंगाबरोबर खालची राळही खाऊन टाकतो. तिथे इलाज एकच, पाणी, घासायचा कागद आणि मनगट. बरं, घासताना जो भुगा उडतो तो साधा भुगा नसतो, काच असते. मानेत, कोपराच्या वळीत, पापणीत जाऊन बसते आणि माणूस दोन दिवस माकडासारखा खाजवत राहतो.

म्हणून जळगावच्या अजिंठा चौफुलीवरचे बाकीचे पेंटर फायबर म्हटलं की हात जोडत. देवचंद तेवढा हो म्हणायचा. पंच्याण्णव सालच्या मार्चात बिऱ्हाडेभाऊंची निळी मोटार दोरीनं ओढत त्याच्या शेडपुढे येऊन थांबली, तेव्हाही तो हो म्हणाला. पण त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. ही गाडी सात वर्षांपूर्वी त्यानंच निळी केली होती.

पितांबर बिऱ्हाडे टेलिफोन खात्यात. खांबावर चढणारा लाइनमन म्हणून लागले, आता हाताखाली आठ माणसं. अठ्ठ्याऐंशी साली त्यांनी ही दोन दारांची मोटार जुनीच घेतली. त्यांच्या घराण्यातली पहिली मोटार. गल्लीतले लोक तिला प्लास्टिकची गाडी म्हणत आणि जाता-येता बोटानं ठोकून बघत. भाऊंना त्याचं काही वाटत नव्हतं. त्यांना एवढंच हवं होतं की तिचा मळकट बदामी रंग जावा, गाडी निळी व्हावी आणि चौदा एप्रिलला, बाबासाहेबांच्या जयंतीला, दारात उभी राहावी. हातात होते पाच दिवस.

देवचंद घासायला बसला आणि दुसऱ्याच दिवशी डाव्या दाराच्या पुढच्या खांबावर, वरच्या बिजागरीपाशी, त्याला केसासारखी एक रेघ दिसली. त्यानं बोटाच्या पेरानं ठोकून पाहिलं. चांगलं फायबर टणक बोलतं. हे बसकं बोललं. म्हणजे खांब आतून सुटत आला होता. देवचंदनं पंडित मिस्तरीला बोलावून दाखवलं. पंडित एमआयडीसीत फायबरच्या कूलरच्या बॉड्या बनवायचा, त्यामुळे त्याला त्यातलं कळत होतं. तो एकदाच वाकला आणि सरळ झाला.

"हाई पुट्टीनं काम नही शे, देवचंद," तो म्हणाला. "आतून मॅट टाक, राळ भर. दोन दिन वाळू दे. बठ्ठा दारना भार याच खांबवर शे."

सगळ्या दाराचा भार त्या एका खांबावर होता. मॅट म्हणजे काचेच्या धाग्यांची चटई. ती राळेत भिजवून थरावर थर थापायची. देवचंदला ती थापता येत नव्हती, आणि येत नाही असं म्हणताही येत नव्हतं. सगळ्या चौफुलीला त्यानं ऐकवून ठेवलं होतं, की फायबर काय, मातीची गाडी आणा, रंगवून देतो. आता कुठल्या तोंडानं पंडितला म्हणणार, की बाबा, मला जमत नाही, तूच लाव? आणि दोन दिवस वाळवण्यात घालवले तर चौदा तारीख हुकणार. "बघतो," म्हणून त्यानं पंडितला वाटेला लावलं, पत्र्याच्या पोच्यात भरतात तशी त्या रेघेत पुट्टी भरली, घासून गुळगुळीत केली, प्रायमर मारला आणि वर निळा. निळाही असा उतरला, की तेरा तारखेला संध्याकाळी भाऊंनी गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या. देवचंदची झाकली मूठ सव्वा लाखाची राहिली.

ती राहिली महिनाभर. मे महिन्यात चौफुलीवर बातमी आली, की बिऱ्हाडेभाऊ बायकोला घेऊन तिच्या माहेरी पहूरला निघाले होते, नेरीच्या पुढच्या वळणावर डावं दार आपोआप उघडलं आणि सुनंदाबाई रस्त्यावर फेकल्या गेल्या. जीव वाचला. पण डावं कोपर चुरलं आणि हात काटकोनात आखडला तो कायमचा. देवचंद भेटायला गेला नाही. दारच ते, उघडलं असेल, नीट लागलं नसेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. पण खाई त्याला खवखवे. दोन वर्षांनी तो मुकाट्यानं पंडितकडे जाऊन मॅट थापायला शिकला. पहिल्याच दिवशी, भिजलेल्या चटईचा दगड होताना बघून त्याला कळलं, की त्या खांबात आपण पिठाचा गोळा भरला होता. कळलं आणि त्यानं ते गिळून टाकलं. बाकी, ती गाडी पुन्हा आपल्या दारात येईल असं त्याला वाटलं नव्हतं.

आता ती आली होती आणि भाऊ हसत होते. केस पांढरे झाले होते, पण हसू तेच.

"देवचंद, रंग तुझ्याच हातचा पाहिजे," ते म्हणाले. "पार खालपासून साफ कर आणि तोच निळा दे. मे महिन्यात थोरलीचं लग्न आहे. सात वर्षं मी या गाडीला हात लावला नाही. विकायलाही मन होईना. पण हिनं हट्ट धरलाय. म्हणते, गाडीचा काय दोष? पोरगी याच गाडीतून सासरी जाईल."

"चालवणार तुम्हीच?"

"छे! ऑफिसचा ड्रायव्हर येणार आहे."

देवचंदनं काम सुरू केलं ते बॉनेटपासून. मग टप घेतला, मग मागची बाजू, मग उजवी. चार दिवस तो त्या गाडीभोवती घासत फिरला, पण डाव्या खांबाकडे म्हणून गेला नाही. आधी ऐंशी नंबरचा कागद, मग एकशेवीस, मग पाण्यातला दोनशेवीस. निळा गेला की खालचा करडा प्रायमर, तो गेला की जुना बदामी, आणि त्याच्याखाली फायबरची मूळची गुळगुळीत कातडी. ती कातडी फाटू द्यायची नाही, हीच सगळी कारागिरी. फाटली की धागे वर येतात आणि वरून सोन्याचा रंग दिला तरी सुईच्या टोकाएवढी भोकं दिसत राहतात. देवचंदचा हात आता त्यात मुरला होता. हात कागदावर होता आणि मन खांबावर.

पाचव्या दिवशी घासायला दुसरं काही उरलंच नाही. मग तो डाव्या बाजूला बसला.

निळा गेला, करडा गेला, आणि त्याचीच पुट्टी दिसली. ओळखीची. पत्ती टेकवली तर खपली पडावी तशी गळून आली. मागे केसासारखी रेघ नव्हती राहिली. आता तिच्यात बोटाचं नख शिरत होतं. त्यानं दार धरून हलवलं, तर बिजागरीसकट सगळा खांब हलला. मग त्यानं दार लावून पाहिलं. खट्ट असा छान आवाज आला. कुणालाही वाटावं दार लागलं. पण दाराच्या कुलपाला दोन खाचा असतात आणि खांब झुकल्यामुळे दार पहिल्याच खाचेत अडकत होतं. त्यानं आतून गुडघ्यानं रेटलं आणि दार उघडलं. त्यानं वीस वेळा लावलं, वीस वेळा खट्ट वाजलं आणि वीसही वेळा गुडघ्याच्या एका धक्क्यानं ते उघडलं.

देवचंद खाली बसला. अंगाला काचेची खाज सुटली होती तरी त्याचा हात उठेना. कुणाला कळणार होतं? पुट्टीची खपली मातीत पडलेली, तिच्यावर पाय ठेवला की संपलं. मॅट शेडमध्येच होती, राळ होती, आता हातात विद्याही होती. दोन दिवसांत खांब असा करून दिला असता की हत्ती लोंबकळला तरी ढळला नसता. पोरगी सुखरूप सासरी गेली असती आणि भाऊंनी पुन्हा तीन फेऱ्या मारल्या असत्या. त्यानं मॅट कापायला कात्री घेतली, तोच चौफुलीकडून भाऊंच्या स्कूटरचा आवाज आला. चोराच्या मनात चांदणं! देवचंदनं कात्री टाकली, रंगकामाला ठेवलेल्या रद्दीतला एक पेपर ओढला आणि चिकटपट्टीनं तो खांबाला असा लावला, जणू तिथे रंगाचे शिंतोडे उडू नयेत म्हणून झाकलं आहे.

भाऊ ड्यूटी संपवून आले होते. शर्टाच्या बाह्या वर करत म्हणाले, "दे मला पण एक कागद. थोडं घासू दे."

"भाऊ, काच बसेल अंगात. खाज सुटेल."

"सुटू दे."

देवचंदनं त्यांना बारीक कागद दिला, घासून झालेल्या उजव्या बाजूला शेवटचा हात फिरवायला बसवलं आणि स्वतःही शेजारी बसला. भाऊ घासू लागले. खांबावर चढून तारा ओढलेले हात ते, लय लगेच लागली. जरा वेळानं, मान वर न करता ते बोलू लागले.

"त्या दिवशी दार मीच लावलं होतं, देवचंद. बाहेरून. ती बसली, तिनं पदर आत घेतला, मी दार लावलं आणि फिरून माझ्या बाजूला आलो. ते दार जरा उचलून लावावं लागायचं. मला माहीत होतं. पण त्या दिवशी उचललं की नाही, ते आठवत नाही. सात वर्षं आठवून बघतोय. कधी वाटतं उचललं होतं, कधी वाटतं घाईत तसंच ढकललं."

देवचंद नुसतं "हां भाऊ" म्हणाला.

"तिची वेणी सकाळी मी घालतो. एका हातानं कशी घालणार ती? पहिल्या पहिल्यांदा केबलला पीळ देतात तशी घालायचो. ती हसायची. आता बरी जमते." ते स्वतःच हसले आणि लगेच थांबले. "सासूबाई मात्र तेव्हापासून माझ्याशी बोलल्या नाहीत. ज्याले दार लावता येत नाही त्यानं मोटार कायले घ्यावी, म्हणाल्या. तेवढंच. सात वर्षांतलं शेवटचं वाक्य. आणि त्यात खोटं काय आहे?"

देवचंदच्या हातातला कागद एकाच जागी फिरत होता. खालची कातडी फाटून धागे वर आले, तेव्हा त्याला शुद्ध आली. इतक्या वर्षांत त्यानं हाताचा विचार केला होता, कोपराचा केला होता. या माणसाचा केलाच नव्हता.

निघताना भाऊंनी स्कूटरच्या डिकीतून कापडी पिशवी आणली आणि तिच्यातून एक कडी काढली. दाराला लावतात तशी, स्टीलची, वीतभर लांब, स्क्रूंसकट.

"ही डाव्या दाराला बाहेरून बसवून दे."

"मोटारीला कडी?"

"लोक हसतील, हसू देत. पोरगी आत बसली की मी स्वतः ओढीन आणि डोळ्यांनी बघीन. ड्रायव्हर चांगला आहे, त्याची काळजी नाही. मला माझ्या हाताचा भरवसा नाही राहिला, देवचंद."

देवचंदनं कडी हातात घेतली. ती हातात जड लागली. लग्नाच्या गाडीला, फुलांच्या माळांखाली, संडासाच्या दाराला असते तसली कडी, आणि ती ओढून पुन्हा पुन्हा चाचपून बघणारा हा माणूस त्याच्या डोळ्यांपुढे आला. त्याला पुढचं बघवेना. शहरात पंचवीस वर्षं काढून कमावलेली भाषा कुठल्या कुठे गेली आणि गावाकडची तोंडात आली.

"भाऊ, कडी लावू नका," तो म्हणाला. "तुम्ही दार लायेल व्हतं."

"काय?"

"लायेल व्हतं. बरोबर लायेल व्हतं. मन्ही चूक शे, भाऊ."

त्यानं खांबावरचा पेपर ओढून काढला. तडा दाखवला, हलणारा खांब दाखवला, मातीतली पुट्टीची खपली उचलून भाऊंच्या हातात दिली. दार लावलं, खट्ट वाजवलं, गुडघ्यानं उघडून दाखवलं. उचलून लावा नाही तर ढकलून लावा, खांब असा झुकल्यावर ते दुसऱ्या खाचेत जाणार कसं?

भाऊंनी तड्यात नख घातलं.

"म्हणजे दार मी लावलं होतं," ते म्हणाले. मग देवचंदकडे न बघता, खांबाकडेच बघत पुन्हा म्हणाले, "लावलं होतं मी."

"त्या वखतले माले फायबरनं काही समजत नव्हतं, भाऊ. पत्राना हिशोबनं पुट्टी भरी दिधी."

हे खरंच होतं. पण सगळं खरं नव्हतं. ठोकल्यावर आलेला बसका आवाज, पंडितचं वाकून पाहणं, "बठ्ठा दारना भार याच खांबवर शे" हे त्याचं वाक्य, हे सगळं देवचंदच्या घशाशी आलं आणि परत खाली गेलं. एवढं सांगितलं हेच काय कमी, असं त्याच्या मनानं त्याला समजावलं. मन मोठं वकील असतं, त्याला फी लागत नाही.

भाऊ प्रायमरच्या रिकाम्या डब्यावर बसले. आता हा माणूस उठून आपल्या थोबाडीत मारेल, असं देवचंदला वाटलं. मारली असती तर बरं झालं असतं.

"भरू नकोस," शेवटी भाऊ म्हणाले. "एवढ्यात भरू नकोस. लोकांना दाखवायचं आहे."

आणि मग लोक आले. दुसऱ्या दिवशी सुनंदाबाई आल्या. आखडलेला हात पोटाशी धरून त्यांनी तडा पाहिला, देवचंदचं ऐकलं आणि नवऱ्याकडे वळल्या. "तुम्ही दार लावलं नाही, असं मी एकदाही म्हटलं नाही," त्या म्हणाल्या. "पण लावलं होतं, असंही कधी म्हटलं नाही. राग होता माझ्या मनात. तो मी जपला." सुनंदाबाई मग देवचंदला म्हणाल्या, "तुमच्यामुळे हात गेला. पण सांगितलंत, हे बरं केलंत." देवचंदनं मान खाली घातली. आपण किती सांगितलं, हे फक्त त्यालाच माहीत होतं.

ऑफिसातले दोघे आले, गल्लीतले चौघे आले. सुनंदाबाईंचा भाऊ अभिमन पहूरहून आला. पहिल्या वेळी देवचंदची जीभ अडखळली होती. सहाव्या वेळेपर्यंत सगळी हकिगत कशी साबण लावल्यासारखी सुळसुळीत झाली. "त्या वेळी फायबरचं कोणाला कळत होतं हो?" हे वाक्य तर आपोआप येऊ लागलं. ऐकणारे माना हलवत. अभिमननं त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "आजकाल असं कोण सांगतं, मिस्तरी? लपवलं असतं तर आम्हाला काय कळणार होतं!" चौफुलीवर देवचंदचं नाव झालं. चहावाला त्याला बसायला बाकडं पुसून देऊ लागला. एकदा तो असाच गल्लीतल्या कुणाला सांगत असताना पंडित मिस्तरी हातात चहाचा ग्लास घेऊन मागे उभा होता. "कोणाला कळत होतं हो?" हे वाक्य झालं आणि देवचंदची नजर त्याच्यावर पडली. पंडितनं उरलेला चहा ओतून दिला आणि तो चालू लागला.

घरी बायकोनं, मंदाबाईनं, ताट वाढलं आणि तसंच उचललं. "बठ्ठं खरं सांगी टाकं ना?" ती म्हणाली. "मंग जेवण का बरं जात नही तुमले?" देवचंद तिच्यावर खेकसला. काय सांगणार तिला? पहिली चूक करताना निदान त्याचं कौतुक तरी कोणी करत नव्हतं.

शेवटी राहिल्या त्या सासूबाई. भिकुबाई, वय ऐंशीच्या घरात, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. अभिमन त्यांना पहूरहून एसटीनं घेऊन आला आणि स्टँडवरून रिक्षानं शेडपर्यंत आणलं. दुपारचं ऊन तापलं होतं. रिक्षातून उतरताना जावयानं हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही, लेकाचा धरला. सुनंदाबाईंनी त्यांचा पंजा उचलून तड्यावर ठेवला. म्हातारीनं तो वरून खाली, खालून वर चाचपला. देवचंदनं आपली हकिगत सुरू केली. आता ती पाठच होती. पुट्टी, पत्रा, पहिली खाच, दुसरी खाच. भिकुबाई तिरप्या मानेनं ऐकत होत्या. भाऊ जरा बाजूला, हात मागे बांधून उभे होते. शाळेत निकालाच्या दिवशी पोरं उभी राहतात तसे.

हकिगत संपली. म्हातारीचं बोट तड्यातच होतं.

"हे तुले तवा माहीत व्हतं का रे?" तिनं विचारलं.

एवढ्या माणसांपैकी कोणी हे विचारलं नव्हतं. सगळ्यांनी कसं झालं ते विचारलं, कधी कळलं ते विचारलं. देवचंदनं तोंड उघडलं. "त्या वेळी फायबरचं" इथपर्यंत वाक्य आलं सुद्धा. समोर दोन पांढरे डोळे होते, त्यांना दिसत नव्हतं, आणि ते त्याच्याकडेच लागले होते.

"व्हतं, माय," तो म्हणाला.

"काय व्हतं?"

"माले माहीत व्हतं. ठोकं तवयच आवाज बसेल उना. पंडित मिस्तरी माले सांगी गयता, की पुट्टीवर भागाव नही, दारना भार याच खांबवर शे. माले मॅट लावता येत नव्हती. येत नही अशी म्हनानी लाज वाटनी. म्हनीसन पुट्टी भरी आन वरतून रंग मारा." तो थांबला. मग भाऊंकडे वळून, शुद्ध मराठीत, एकेक शब्द वेगळा करत म्हणाला, "मी तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं, भाऊ. मला माहीत होतं."

अभिमननं एक शिवी हासडली आणि तो दोन पावलं पुढे आला, सुनंदाबाईंनी धडक्या हातानं त्याचा शर्ट धरला. भाऊ मात्र जागचे हलले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर गेले चार-पाच दिवस जे हलकं काहीतरी आलं होतं, ते तसंच होतं, फक्त देवचंदकडे बघताना ते विझलं.

भिकुबाईंनी बोट तड्यातून काढलं, लुगड्याला पुसलं आणि ज्या बाजूनं कुणाचा आवाज येत नव्हता तिकडे त्या चाचपडत वळल्या. "जावईबापू कुठे हायेत?" त्यांनी विचारलं. भाऊ पुढे आले. म्हातारीनं हात जोडले.

"सात वरीस मी तुमच्याशी बोलली नाही. माह्यानं चूक झाली. मले माफ करा."

"आई, काय करताय हे!" भाऊंनी ते जोडलेले हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरले. त्यांचा आवाज फुटला. "माफ केलं. केलं माफ. चला, घरी चला, जेवायचं आहे तुम्हाला आमच्याकडे."

देवचंद बघत राहिला. ऐंशी वर्षांची बाई, तिला तीन वाक्यं पुरली. तिच्यापाशीही सात वर्षांचा हट्टच होता की. जावयाचा हात धरून ती रिक्षात बसली. सुनंदाबाई शेजारी बसल्या, अभिमन पुढे. भाऊ मात्र आपली कापडी पिशवी घ्यायला परत शेडमध्ये आले. कडी अजून फळीवर पडलेली होती. ती त्यांनी उचलली, पिशवीत टाकली आणि म्हणाले, "उद्या मॅट लाव. मी रजा काढतो. शेवटचा थर वाळेपर्यंत इथे समोर बसणार आहे."

"बसा भाऊ." देवचंदनं हात जोडले. म्हातारीनं जोडले होते तसेच. "मलाही माफ करा."

भाऊंनी त्याच्या हातांकडे पाहिलं. ते त्यांनी धरले नाहीत.

"त्यांनी माफी मागितली, मी दिली," ते म्हणाले. "त्यांना माहीत नव्हतं, देवचंद."